घंटी काढलेली सायकल

खंडेनवमीच्या आरतीसाठी मी एका सायकलची घंटी काढली आणि ती परत लावायला विसरले. माझा गुन्हा एवढाच. आयुष्यात याहून मोठे मूर्खपणे मी केले आहेत, त्यातला एक तर हे लिहितेय तेव्हा शेजारच्या खोलीत घोरतो आहे. पण बाकीच्यांचं स्पष्टीकरण माझ्यापाशी आहे. हे त्या वयाला शोभलं, ते परिस्थितीमुळे झालं, अमकं आईमुळे झालं, असं मी सांगू शकते. घंटीचं मात्र मला आजवर नीट मांडता आलेलं नाही. त्यात मी चुकले हे खरं, पण नेमकी किती चुकले आणि कबूल केलं तेव्हा काय कबूल केलं, याचा हिशेब दर दसऱ्याला मी नव्याने करते आणि दर दसऱ्याला तो वेगळा येतो.

कल्याणला स्टेशनापासून चालत दहा-बारा मिनिटांवर आमचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि मध्ये एक पडदा. तो मूळचा कोणत्या रंगाचा होता हे आईलाही आठवत नसे. त्या पडद्याने काहीच अडत नव्हतं. दुकानातला रॉकेलचा वास वरणात यायचा आणि आईच्या फोडणीने गिऱ्हाइकं शिंकायची. वडिलांचा, म्हणजे नानांचा, जुन्या सायकली विकत घेऊन नव्यासारख्या करून विकण्याचा धंदा होता. नव्या सायकली विकणाऱ्यांबद्दल त्यांना फारसा आदर नसे. "त्यात काय, पेटीतून काढायची आणि द्यायची," असं ते म्हणत. आमच्याकडे सायकल आली की ती आधी पूर्ण खोलली जायची. सांगाडा एका बाजूला, चाकं एका बाजूला, पायडलं, मडगार्ड, सीट, सगळं आपापल्या ढिगात. बेअरिंगचे छर्रे रॉकेलच्या ताटलीत. अशा पाच-सहा मेलेल्या सायकलींच्या ढिगातून चार जिवंत सायकली उभ्या राहायच्या. कोणाचं चाक, कोणाचा हँडल, कोणाची चेन. त्यामुळे दुकानातून बाहेर पडणारी कुठलीही सायकल म्हणजे एकत्र कुटुंब होतं.

आता प्रश्न असा की, तेलपाण्याला आलेल्या गिऱ्हाइकांच्या सायकलीही त्याच भिंतीला टेकून उभ्या असायच्या. कुठली दुरुस्तीची आणि कुठली खोलायची हे ओळखायचं कसं? दुसरा कोणी असता तर त्याने चिठ्ठ्या बांधल्या असत्या. नानांचा नियम वेगळा होता. सायकल विकत घेतली की विकणाऱ्याच्या समोर तिची घंटी काढायची आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. ती डब्यात पडल्याचा आवाज झाला की सौदा झाला, मग विकणाऱ्याने डोळ्यांत पाणी आणलं तरी उपयोग नाही. म्हणून घंटी असेल ती गिऱ्हाइकाची, घंटी नसेल ती आपली. एखादं गिऱ्हाईक मुळातच बिनघंटीची सायकल दुरुस्तीला घेऊन आलं, तर नाना डब्यातली एक घंटी तेवढ्यापुरती तिला लावून ठेवत. इतका पक्का नियम. माझ्या नातवाची गिअरची सायकल इथे घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावरच्या गॅलरीत ओल्या टॉवेलखाली उभी असते. तिला घंटी नाही. "आजी, याला बेल नसतेच," असं तो मला समजावतो. नानांच्या नियमाने मी ती कधीच खोलायला हवी होती.

दुकानात नानांच्या खालोखाल मान गोमाकाकांचा. ते खाडीपलीकडच्या एका आगरी गावातून येत, येताना फडक्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी घेऊन. चटणीचा वास रॉकेललाही हरवायचा. पन्नाशीचे असतील, पण मला त्या वेळी ते शंभरीचे वाटायचे, कारण सोळाव्या वर्षी पस्तिशीच्या पुढचे सगळे एकाच वयाचे दिसतात. चाकं हे त्यांचं खातं. चाक फिरवलं की ते डावी-उजवीकडे लचकतं, त्याला धंद्यात 'आऊट' म्हणतात. आरे आवळून-सैल करून तो काढायचा असतो, आणि तो काढणं सगळ्यांना जमत नाही. गोमाकाका रिमेजवळ खडूचा तुकडा धरत, चाक फिरवत, मान खाली घालून ऐकत. कुठे खर्र झालं की थांबत, मग बोटाने एकेक आरा छेडत. टिंग, टिंग, टुंग. जिथे टुंग वाजलं तिथे चावी फिरवायची. आमच्या घरात सकाळ त्या आवाजाने व्हायची, माझा अभ्यास त्या आवाजाने राहायचा आणि आई भाकऱ्या त्या ठेक्यावर थापायची. गिऱ्हाइकं मुद्दाम थांबून बघत. नाना म्हणत, "बघा, आमच्या गोमाचा कान बघा. गवई व्हायचा तो सायकलवाला झाला." गोमाकाका वर न बघता हसत. मला थोडा मत्सर वाटे, कारण त्या घरात संगीताचा कान मला आहे असा माझा समज होता.

हा समज मला कुठून झाला, देव जाणे. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी एकदा गायले होते आणि लोक लवकर उठून गेले होते. त्याचा अर्थ मी असा लावला की त्यांना गाणं सहन न होण्याइतकं आवडलं. मी रेडिओवर जाणार हे ठरलेलं होतं, फक्त रेडिओला कळवायचं राहिलं होतं. दुकानात माझ्याकडे एकच काम असे. काळा रंग वाळलेल्या सांगाड्यावर बारीक ब्रशने सोनेरी रेघा मारायच्या. हात स्थिर होता, हे मात्र खरं. त्या रेघा मारताना मी ताना घेत असे आणि पडद्याआडून आई म्हणे, "सुमे, कुणाला लागलं का गं?"

त्या खंडेनवमीला दुकानात पूजा मांडली. पाने, हातोडे, पंप, चिमटे, सगळी हत्यारं धुऊन-पुसून पाटावर. त्यांना हळदकुंकू, झेंडू, समोर पुरणाचा नैवेद्य. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. आरतीची वेळ झाली आणि देवघरातल्या घंटेचा आतला लोलक निखळून पडला. नाना म्हणाले, "टाळ्या वाजवा, देवाला चालतं." देवाला चालत असेल, मला चालणार नव्हतं. मी डब्यातल्या घंट्या वाजवून पाहिल्या. एक खोकत होती, एक दोनदा वाजून तिसऱ्यांदा मुकी होत होती. भिंतीला मात्र गद्रे मास्तरांची सायकल उभी होती. मास्तर आंबिवलीचे, तिथल्या शाळेत शिकवत. दसऱ्याच्या सुट्टीत तेलपाणी करून ठेवा म्हणून आदल्याच दिवशी ठेवून गेले होते. त्यांची घंटी दुहेरी वाजायची, आधी एक गोड टर्र आणि मागून लांबत जाणारा झंकार. स्क्रू हातानेच सुटला. हत्याराला हात लावला नाही, म्हणजे पाप नाही, असं मी स्वतःला सांगितलंही. आरती झाली. माझ्या मते अप्रतिम झाली. आईने विचारलं, "ही कुठली घंटी?" मी म्हटलं, "डब्यातली." का म्हटलं? खरं सांगितलं असतं तरी कोणी काही म्हटलं नसतं. मला वाटतं, त्या वयात मी खोटं गरजेपोटी बोलत नव्हते, सवय राहावी म्हणून बोलत होते. मग घंटी देवघरात झेंडूच्या ढिगाखाली गेली, दसरा आला, श्रीखंड झालं, आपट्याची पानं वाटून झाली, आणि माझ्या डोक्यातून ती साफ गेली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नाना जुन्या सायकली बघायला मुरबाडच्या बाजूला गेले, दोन दिवसांसाठी. दुकान गोमाकाकांवर. त्यांनी भिंतीला उभी असलेली बिनघंटीची सायकल नियमाप्रमाणे घेतली आणि नियमाप्रमाणे खोलली. पुढचं चाक चांगलं निघालं, ते चाकावाचून अडलेल्या एका सायकलला बसलं आणि ती सायकल त्याच संध्याकाळी डोंबिवलीच्या गिऱ्हाइकाबरोबर गेलीसुद्धा. सीट तिसरीला लागली. सांगाडा घासून, काळा रंग मारून आकड्याला टांगला. आणि त्या सांगाड्यावर सोनेरी रेघा कोणी मारल्या? मी. गात गात. मास्तरांची सायकल गेली कित्येक वर्षं दुकानात येत होती आणि तिच्या अंगावर रेघा ओढताना मला ती ओळखू आली नाही. माझे डोळे त्या वेळी सोळा वर्षांचे होते. गेल्या वर्षी मोतीबिंदू निघेपर्यंत मी घरात सगळ्यांना सांगत असे की, मला बातम्या बघण्यापेक्षा ऐकायलाच आवडतात. त्या डोळ्यांबद्दल मी बोलत नाहीये. ते चांगले, कोवळे, धडधाकट डोळे होते, तरी दिसलं नाही. हे लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

चौथ्या दिवशी सकाळी मास्तर आले. नानाही आदल्या संध्याकाळी परतले होते. मास्तर म्हणाले, "झाली का आमची गाडी?" नाना म्हणाले, "झाली असणारच," आणि भिंतीकडे वळले. भिंतीला मास्तरांची सायकल नव्हती. दुकानात होती, पण सगळीकडे होती. मागचं चाक एका सायकलला, हँडल दुसरीला, मडगार्ड ढिगात, सांगाडा डोक्यावर लटकतोय, सोनेरी रेघांसकट. मास्तर शांत माणूस. त्यांनी दप्तर खाली ठेवलं आणि एकेका सायकलवर बसून उठायला सुरुवात केली. तिसऱ्या सायकलवर बसले, जरा डावीकडे कलले आणि म्हणाले, "ही सीट माझी. हिच्यावर मी अकरा वर्षं बसलोय, हिचा खड्डा मला माहीत आहे. बाकीचा मी कुठे आहे?"

"गोमा," नाना म्हणाले, "मास्तरांची खोललीस?"

"घंटी नव्हती, नाना."

"घंटी होती," मास्तर म्हणाले. "मी आलो तो वाजवतच आलो. तुमच्या दारातल्या शेळीसाठी."

"होती," नाना म्हणाले. "मी हाताने उभी केली सायकल. मी पाहिली घंटी."

गोमाकाका एकदा नानांकडे, एकदा मास्तरांकडे बघत राहिले. मग हळू म्हणाले, "मना नाय दिसली."

त्याच क्षणी मला आठवलं. झेंडू, देवघर, टर्र, झंकार, सगळं. आणि मी काय केलं? मी घंटी शोधायला लागले. सगळे शोधत होते म्हणून मीही शोधत होते. बाकाखाली शिरले, ढीग उपसले, डबा पालथा केला, ग्रीसने कोपरापर्यंत माखले. आई म्हणाली, "किती मनापासून शोधतेय पोर." आणि मला खरोखर, शपथेवर सांगते, थोडा अभिमान वाटला. घंटी कुठे आहे हे माहीत असूनही इतकं चांगलं शोधता येतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

नाना ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी मास्तरांना तात्पुरती दुसरी सायकल दिली, तिला घंटी लावून दिली, आणि ते गेल्यावर म्हणाले, "गोमा, काही दिवस तू पंक्चरं बघ. चाकं मी बघतो." दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यादेखत. सायकलच्या धंद्यात पंक्चर म्हणजे शिकाऊ माणसाचं काम. वीस वर्षं चाकं लावणाऱ्या माणसाला पंक्चरावर बसवणं म्हणजे हेडमास्तरांना घंटा वाजवायला लावण्यासारखं. गोमाकाकांनी चावी पुसली, खिळ्याला टांगली आणि पाण्याचं घमेलं पुढे ओढलं.

दुपारी मी घंटी देवघरातून काढून तांदळाच्या डब्यात खोल पुरली. देवघरापेक्षा तांदूळ का सुरक्षित वाटले, ते विचारू नका. बदल केला की काहीतरी केल्यासारखं वाटतं, एवढंच. पुढचे दोन दिवस आमचं घर मला ओळखू येईना. नाना चाकं बघत, पण ते आरे छेडत नसत, नुसते डोळ्याने बघून चावी फिरवत. टिंग नाही, टुंग नाही. आईची भाकरी एकदा जाड तर एकदा पातळ व्हायला लागली. गोमाकाका घमेल्यापुढे बसून ट्यूब पाण्यात बुडवत आणि मग ती वर काढून गालाशी धरत, कानाशी धरत. मला वाटलं, अपमानाने त्यांचं चित्त थाऱ्यावर नाही. चहा देताना मी एकदा त्यांना हात डोळ्यांपुढे धरून बोटं मोजताना पाहिलं, जवळ नेऊन, लांब नेऊन. "काय झालं काका?" तर म्हणाले, "काय नाय बाय. इतकी मोठी घंटी, दिसू नये म्हंजे काय." मी चहा ठेवून आत गेले.  मी ठरवलं होतं, मास्तरांची सायकल पुन्हा जोडून झाली की घंटी हळूच डब्यात टाकायची, ती सापडेल, सगळे हसतील. गोमाकाकांना त्यानंतरही वाटत राहणार होतं की ती त्यांना दिसली नव्हती, हा भाग माझ्या योजनेत बसत नव्हता, म्हणून मी तो वगळला.

तिसऱ्या दिवशी नाना चाक परत आणायला डोंबिवलीला गेले. आईने मला जेवायला वाढलं. भात, आमटी, सुकटीचं कालवण, आणि ताटात डाव्या बाजूला, मीठ-लिंबाच्या जागी, घंटी. तांदूळ काढताना मापाला लागून वाजली असणार. आईच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ती समोर बसून स्वतःचा भात कालवत होती. मी म्हटलं, "आई, मी..." ती म्हणाली, "आधी जेव. अन्नावर बसून बोलू नये. जेवलीस की जिथं बोलायचं तिथं जाऊन बोल." त्या दिवसाचं कालवण कसं होतं हे मी आजही सांगू शकणार नाही, आणि सुकटीच्या बाबतीत असं माझं आयुष्यात एकदाच झालं आहे.

गोमाकाका मागच्या दाराशी उंबऱ्यावर भाकरी खात बसले होते. मी जाऊन घंटी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं. आरती, लोलक, डब्यातली म्हणाले ते, तांदूळ, शोधायचं सोंग. मला वाटलं होतं ते रागावतील, निदान सुटकेने हसतील. आपले डोळे ठीक आहेत हे कळल्यावर माणूस हसणारच की. मी तर मनातल्या मनात क्षमासुद्धा मिळवून बसले होते. ते हसले नाहीत. त्यांनी घंटी उचलली, अंगठ्याने एकदा वाजवली, तिचा झंकार पूर्ण संपेपर्यंत थांबले आणि मग बोलले. काय बोलले ते मी शेवटी लिहिते, कारण त्यानंतर मला दुसरं काही लिहिता येत नाही.

संध्याकाळी नाना आले तेव्हा मी त्यांना घंटीचं सांगितलं. सांगताना अशी रडले की शेजारच्या पानवाल्याने डोकावून विचारलं, घरात कोणी गेलं का. नाना संतापले. रेघांचा ब्रश काढून घेतला, रेडिओ आठ दिवस बंद, आणि "गोमाची माफी माग, पाया पड," म्हणाले. मी पडले. त्याच संध्याकाळी खिळ्यावरची चावी गोमाकाकांच्या हातात गेली आणि घरात पुन्हा टिंग-टुंग सुरू झालं. मास्तरांना त्यांची सायकल तिच्या सगळ्या अवयवांसकट मिळाली, वर सोनेरी रेघा फुकट. दिवाळीच्या आधी गोमाकाका एक दिवस ठाण्याला जाऊन आले. मी सोबत गेले होते, आईने का पाठवलं हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आई एवढंच म्हणाली होती, "त्या दिवशी जरा जास्तच रडलीस तू." मी म्हटलं, "वाईट वाटलं म्हणून." ती म्हणाली, "हो का." नानांना सगळं कळलं होतं की काहीच कळलं नव्हतं, हे मी त्यांच्या शेवटच्या आजारपणापर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मी त्या संध्याकाळी वडिलांसमोर खरं बोलले की आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोलले, हेही मला ठरवता आलेलं नाही. शब्द सगळे खरे होते. रडणं तेवढं सांगण्यावरून केलेलं होतं, आणि अर्ध्यावर तेही खरं झालं.

तर त्या दुपारी उंबऱ्यावर, घंटी हातात धरून, गोमाकाका मला हे म्हणाले:

"बाय, घंटी तू काढलीस, ती चूक तुझी. पन त्या मागल्या चाकात सात आरे मीच बसवलेले, शिमग्याच्या आधी. माझ्या हातचं काम मना ओलखू आलं नाय, ती चूक काय घंटीची नाय. दोन वर्सं झाली, मना आरा दिसत नाय. म्हनून वाजवून बघतो. लोक म्हनतात, गोमाचा कान बघा. कान कसला बाय, डोले गेले म्हनून कान लावतो. आता तू नानांना घंटीचं सांग, तेवढंच सांग. डोल्यांचं मी सांगेन, चष्मा झाला म्हंजे. तवर तू जरा मोठ्यानं रड."